पोलिसांचा आकडा कुणाच्या वहीतला?

दर जानेवारीत जिल्हा पोलीस मुख्यालयात सरत्या वर्षाचा आढावा सांगितला जातो. खून किती, घरफोड्या किती, त्यांतल्या उघडकीस किती आल्या, मुद्देमाल किती परत केला. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा येतो: जिल्ह्यात गुन्हेगारीत घट. एखाद्या वर्षी घटीच्या जागी वाढ असते. सांगली असो की सातारा, बातमीचा साचा तोच.

घट गुन्ह्यांत झाली की नोंदींत, हे त्या बातमीवरून कळत नाही. पोलिसांच्या कामाबद्दलचे बहुतेक आकडे पोलिसांच्याच लेखणीतून उतरतात. फिर्याद लिहून घेणारे ते, कलम लावणारे ते, तपास संपला असं म्हणणारे ते आणि वर्षअखेरीला बेरीज मारणारेही तेच. यात लगेच लबाडी शोधायचं कारण नाही. महसूल खात्याला स्वतःचे गुण स्वतःच द्यायला सांगितले तर तिथंही असंच होईल.

आपल्याकडच्या ऊसवाल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. कारखान्याच्या काट्यावर भरोसा नसेल तर तो ट्रॉली आधी बाहेरच्या खाजगी काट्यावर घालतो, पावती खिशात ठेवतो आणि मग कारखान्याच्या गेटातून आत जातो. पोलिसांचं वर्तन, त्यांची जबाबदारी आणि त्यांच्यावरचा खर्च राज्यभर मोजायचा असेल तर पद्धत हीच लागते. पोलिसांच्या वहीतल्या नोंदीला दुसऱ्या कुणाच्या तरी वहीतली नोंद लावून बघायची. ही दुसरी वही कधी कोर्टाची असते, कधी मानवी हक्क आयोगाची, कधी कोषागाराची, तर कधी भिंतीवरच्या कॅमेऱ्याची.

चोरीला गेला की गहाळ झाला?

समजा, विट्याहून दवाखान्यासाठी मिरजेला आलेल्या एका मावशींच्या पिशवीतला १४ हजारांचा फोन स्टँडवरच्या गर्दीत गेला. मावशी ठाण्यात जातात.

"पिशवीतनं काढताना कुणाला बघितलं का?"

"बघितलं असतं तर सोडला असता का त्याला!"

"मग मावशी, पडला पण असंल की. गहाळ झाल्याचा अर्ज देऊन जावा. नव्या सिमकार्डाला तेवढं पुरतंय."

मावशींना सिमकार्ड हवं असतं आणि दिवस मावळायच्या आत घर गाठायचं असतं. अर्ज लिहिला, शिक्का बसला, विषय संपला. ठाण्याच्या खाती न उघडणारा एक गुन्हा कमी पडला. पुढं केंद्राच्या सीईआयआर या हरवलेले फोन शोधायच्या पोर्टलवरून तो फोन सापडलाच, तर साहेबांच्या हस्ते छोट्या कार्यक्रमात तो परत दिला जातो आणि फोटो छापून येतो: गहाळ झालेले इतके मोबाईल मूळ मालकांना परत. काम चांगलंच आहे, फोन मिळालेला माणूस दुवाच देतो. पण एका जिल्ह्यात इतक्या लोकांच्या हातून फोन आपोआप पडतात तरी कसे, हा प्रश्न त्या फोटोखाली छापलेला मी अजून वाचला नाही.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. दखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय अटक करता येते अशा, गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ललिता कुमारी खटल्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द आमची नाही असं म्हणूनही परत पाठवता येत नाही. झिरो एफआयआर घ्यावीच लागते. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत मात्र १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करायची मुभा आहे, तीही उपअधीक्षकांच्या परवानगीनं. ठाण्यानं फिर्याद घेतलीच नाही तर ती पोस्टानं पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, आणि तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

आता गंमत बघा. नव्या कायद्यात ५ हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र झाली. म्हणजे अशा चोरीची एनसी, अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, तेवढी होते, एफआयआर नाही. म्हणून जुलै २०२४ च्या आधीचे आणि नंतरचे चोरीचे आकडे शेजारी ठेवून कुणी घट दाखवू लागला, तर त्यातली किती घट चोरांमुळे आणि किती कायद्यामुळे, हे आधी विचारावं लागेल.

आणखी एक खाच राष्ट्रीय पातळीवर आहे. देशभरातले गुन्ह्यांचे आकडे एनसीआरबी, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी केंद्र, दरवर्षी छापतं. त्याचा नियम असा की एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी मोजायचं फक्त सर्वांत गंभीर कलम. बलात्कार करून खून झाला असेल तर तो खुनाच्या रकान्यात जातो, बलात्काराच्या नाही. शिवाय हे केंद्र स्वतः काही मोजत नाही, राज्यांच्या पोलिसांनी पाठवलेलं एकत्र करतं. त्यामुळं ज्या राज्यात नोंदी प्रामाणिक, ते राज्य कागदावर जास्त गुन्हेगारीचं दिसू शकतं. केरळचा नोंदीचा दर अनेक मोठ्या राज्यांपेक्षा खूप वर असतो, म्हणून कोट्टयमपेक्षा ती राज्यं सुरक्षित आहेत असं कुणी शहाणा म्हणणार नाही.

मग दुसरी वही कुठली? सुप्रीम कोर्टाच्या सप्टेंबर २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे वगळता प्रत्येक एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर चढवावी लागते. एका ठाण्याच्या महिनाभराच्या एफआयआर मोजा, त्यांत मोबाईल चोरीच्या किती ते बघा, आणि त्याच महिन्यातल्या गहाळ अर्जांचा आकडा माहिती अधिकारात मागवा. चोरी एक आणि गहाळ दीडशे असं निघालं, तर शेरा मारायची गरज उरत नाही.

उघडकीस आणण्याचं भूत

पोलिसांना वरून जे आकडे विचारले जातात त्यांत गुन्हे उघडकीस आणण्याचं प्रमाण वरच्या क्रमांकावर असतं. ऐकायला रास्त वाटतं. पण हा आकडा वाढवण्याचे दोन सोपे मार्ग आहेत आणि दोन्ही वाईट. पहिला, अवघड गुन्हे नोंदवायचेच नाहीत. दुसरा, पकडलेल्याच्या तोंडून आणखी चार गुन्हे वदवून घ्यायचे. ज्या मोजमापाचं बक्षीस कबुलीजबाबाला मिळतं, ते कोठडीतल्या मारहाणीला नकळत खतपाणी घालतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

यापेक्षा दोषसिद्धीचं प्रमाण बरं, कारण ते कोर्टाच्या वहीतून येतं. त्या वर्षी निकाल लागलेल्या खटल्यांपैकी किती खटल्यांत शिक्षा झाली, असा तो हिशेब. त्यातही निकाल न लागलेले खटले धरलेले नसतात हे लक्षात ठेवायचं. पंच उलटला की सरकारी वकील कमी पडला की तपासच कच्चा होता, हेही त्यातून कळत नाही. तरी आकडा बाहेरच्या हातानं लिहिलेला आहे, एवढं त्याचं मोल नक्की.

सांगलीची नोंद

नोव्हेंबर २०१७ मधली सांगली शहर पोलीस ठाण्याची घटना इथं कुणाला नव्यानं सांगायला नको. लूटमारीच्या गुन्ह्यात पकडलेल्या दोन तरुणांपैकी एकाचा कोठडीत मारहाणीत मृत्यू झाला आणि मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला, असा आरोप पोलिसांवरच आला. उपनिरीक्षकासह पोलिसांना अटक झाली, तपास सीआयडीकडे गेला. या लेखापुरती त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची आहे. सुरुवातीला ठाण्यातून सांगितलं गेलं ते असं, की दोन्ही आरोपी पळून गेले.

आता आकड्यांच्या बाजूनं विचार करा. एनसीआरबीच्या अहवालात कोठडीतून पळालेल्यांचा तक्ता वेगळा आणि कोठडीतल्या मृत्यूंचा तक्ता वेगळा. ती पहिली गोष्ट तशीच टिकली असती, तर सांगलीचा हा मृत्यू देशाच्या आकडेवारीत पलायनाच्या रकान्यात जाऊन बसला असता. वरच्या कुठल्याही कार्यालयात बेरीज चुकली नसती. नातेवाईक गप्प बसले नाहीत, सांगलीकर रस्त्यावर उतरले, म्हणून रकाना बदलला.

म्हणूनच कोठडी मृत्यूंच्या बाबतीत कायद्यानं एकापेक्षा जास्त वह्या ठेवायला लावल्या आहेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं १९९३ मध्येच सांगून ठेवलंय की कोठडीतल्या मृत्यूची खबर २४ तासांत आयोगाला गेली पाहिजे. पोलीस कोठडीत मृत्यू झाला की न्यायदंडाधिकाऱ्यांची स्वतंत्र चौकशी व्हावी लागते. अटक झाल्यापासूनची कागदपत्रंही ठरलेली आहेत. डी. के. बसू खटल्याच्या १९९६ च्या निकालानंतर अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हे सगळं करावंच लागतं. यातला वैद्यकीय तपासणीचा कागद ठाण्याच्या नव्हे, सिव्हिल हॉस्पिटलच्या हातचा असतो. कोठडीत जाताना अंगावर खूण नव्हती आणि दोन दिवसांनी होती, हे तोच कागद सांगू शकतो. अर्थात डॉक्टरांनी माणसाकडे बघून लिहिला असेल तर. आरोपी व्हॅनमध्येच आणि कागद खिडकीतून आत, अशा तपासणीला काही अर्थ नाही.

दोन वह्या शेजारी ठेवल्या की काय दिसतं त्याचं उदाहरण देशाच्या पातळीवर आहे. पोलीस कोठडीतले मृत्यू एनसीआरबीनं २०२१ या वर्षासाठी ८८ दाखवले. मानवी हक्क आयोगाकडे २०२१-२२ या आर्थिक वर्षात आलेली प्रकरणं होती १७५. वर्ष मोजण्याची पद्धत वेगळी आहे, पण तीन महिन्यांच्या फरकानं आकडा दुप्पट होत नाही. एनसीआरबीच्या तक्त्यात गुजरात आणि महाराष्ट्र ही नावं वर्षानुवर्षं वरच्या ओळींत दिसतात. त्यावरून महाराष्ट्रात जास्त मृत्यू होतात असा निष्कर्ष काढा किंवा महाराष्ट्र निदान लिहितो तरी असं म्हणा. एका वहीवरून यांपैकी काहीच सिद्ध होणार नाही.

आणि कॅमेरा. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक पोलीस ठाण्याच्या कानाकोपऱ्यात सीसीटीव्ही लावायला सांगितलं: दरवाजे, कोठडी, कॉरिडॉर, अधिकाऱ्याची खोली, मागची बाजू. चित्रीकरण १८ महिने, निदान एक वर्ष जपून ठेवायचं. कॅमेरा चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणे प्रभारींची. त्यावर लक्ष ठेवायला जिल्हा समिती, तिच्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि महापौर किंवा जिल्हा परिषदेचे प्रमुख. पाच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, ठाण्यांत कॅमेरे चालत नसल्याच्या बातमीवरून त्याच कोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तेव्हा ठाण्यात कॅमेरे किती, हा आकडा बिनकामाचा आहे. विचारायचं ते किती दिवस बंद होते, आणि बंद पडल्यावर दुरुस्तीचं पत्र कोणत्या तारखेला गेलं.

तक्रार घेऊन पुण्याला

जबाबदारीचं मोजमाप करताना लोक आधी विचारतात, पोलिसांविरुद्ध तक्रारी किती. हा आकडा फसवा आहे. शून्य तक्रारींचं ठाणं आदर्श असेल किंवा तिथं तक्रार करायची कुणाची छाती नसेल. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यांचंही तसंच. १०६४ वर फोन करणारा कुणीतरी पुढं आला, तरच सापळा लागतो. सापळ्यांच्या यादीत महसूल आणि पोलीस ही दोन खाती कायम आघाडीवर असतात, पण त्यातून धाडस किती आणि लाच किती हे वेगळं काढता येत नाही.

प्रकाश सिंग खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सुप्रीम कोर्टानं पोलीस सुधारणेचे सात निर्देश दिले. त्यांतला एक होता पोलीस तक्रार प्राधिकरणाचा: राज्याला एक आणि प्रत्येक जिल्ह्याला एक, पोलिसांच्या बाहेरच्या माणसाच्या अध्यक्षतेखाली. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये पोलीस कायद्यात, म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियमात, दुरुस्ती केली आणि प्राधिकरणं आली. मात्र जिल्ह्याऐवजी महसुली विभागाची. सांगली आणि सातारा पुणे विभागात येतात. पुण्यापासून सातारा त्यातल्या त्यात जवळ. जत किंवा आटपाडीच्या माणसानं तारखेला पुण्याला जायचं म्हणजे त्याचा दिवस मोडतो, रोज बुडतो आणि गाडीभाडं वेगळंच.

कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, कार्यपद्धती न पाळता केलेली अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं आणि अधिकाराचा गंभीर गैरवापर एवढ्या बाबी प्राधिकरणाकडे नेता येतात. हवालदार उद्धट बोलला, एवढ्यावर हे दार उघडत नाही. तिथं अधीक्षकांकडे अर्ज करायचा. त्यावर प्राथमिक चौकशी होते, चूक दाखवणारा कसुरी अहवाल जातो, आणि शेवट सक्त ताकीद किंवा वेतनवाढ रोखण्यात होतो. तो शेवट अर्जदाराला कळवला जातोच असं नाही.

इथं मोजायचं काय? तक्रार दाखल झाल्यापासून निकालापर्यंत लागलेले दिवस. निकाल लागलेल्यांपैकी किती प्रकरणांत कारवाईची शिफारस झाली. आणि शिफारशींपैकी सरकारनं किती मानल्या. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण प्राधिकरणाची शिफारस बंधनकारक असावी असं कोर्टानं म्हटलं होतं, आणि आपल्या कायद्यानं अपवादात्मक परिस्थितीत कारणं नोंदवून ती नाकारायची फट ठेवली. किती वेळा अपवाद झाला, हे कळलं पाहिजे.

सांगली-साताऱ्याच्या लोकांसाठी एक चांगला बदल ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आले. पोलिसांविरुद्ध रिट दाखल करायला मुंबई गाठायची वेळ आता राहिली नाही.

पैसा कुठं दिसतो, कुठं दिसत नाही

राज्याच्या अर्थसंकल्पात पोलिसांचा खर्च गृह विभागाच्या बी-१ पोलीस प्रशासन या मागणीत असतो. मुख्य लेखाशीर्ष २०५५ म्हणजे पोलिसांचा महसुली खर्च आणि ४०५५ म्हणजे भांडवली, इमारती वगैरे. प्रत्येक ओळीपुढं रकमेचे रकाने असतात: मागल्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला, चालू वर्षासाठी अंदाज किती होता, तो सुधारून किती झाला, आणि पुढच्या वर्षासाठी किती मागतोय. बातमी नेहमी शेवटच्या रकान्याची होते. बघायचा असतो पहिला रकाना, कारण खर्च झालेला पैसा तेवढाच. त्याच वर्षाचा मूळ अंदाज जुन्या पुस्तकातून काढून शेजारी ठेवला की मागितलं किती आणि वापरलं किती हे समजतं.

२०५५ मधला सिंहाचा वाटा वेतनाचा. म्हणून दरडोई पोलीस खर्च वाढला ही बातमी जपून वाचावी. महाराष्ट्रात सातवा वेतन आयोग २०१९ च्या सुरुवातीला लागू झाला, तेव्हा खर्चाचा आकडा वर गेला. कुठल्या ठाण्यात त्यामुळं एक माणूस वाढला नाही. शिवाय सगळा पैसा या मागणीत दिसतही नाही. पालकमंत्री हिरवा झेंडा दाखवतात त्या नव्या जीप आणि चौकातले कॅमेरे बऱ्याचदा जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून आलेले असतात. घरांचं आणि इमारतींचं काम पोलीस गृहनिर्माण महामंडळाकडे. तीन ठिकाणचे तुकडे जोडल्याशिवाय एका जिल्ह्याचा खर्च समजत नाही.

पण वर्तनाशी खरा संबंध आहे तो बारीक ओळींचा: प्रवास खर्च, कार्यालयीन खर्च, पेट्रोल-तेल-वंगण. एखाद्याची अल्पवयीन मुलगी बेपत्ता आहे आणि मोबाईलचं लोकेशन सुरतेला सापडलंय. तपास अधिकाऱ्यानं जायचं कशानं? ठाण्याच्या गाडीला डिझेलची मर्यादा, गाडी बंदोबस्तात अडकलेली, प्रवासाचं बिल टाकलं तर पैसे कधी मिळतील याचा नेम नाही. मग मुलीच्या बापाला सांगितलं जातं, "गाडीची तेवढी व्यवस्था बघा." बाप कर्ज काढून गाडी बघतो, पोलिसांच्या जेवणाखाणाचंही बघतो. ज्याच्याकडे गाडी बघायची ऐपत नाही त्याचा तपास मागं पडतो. हा पैसा अर्थसंकल्पाच्या कुठल्याही पुस्तकात नाही. आणि एकदा फिर्यादीच्या खिशातून डिझेल घ्यायची सवय लागली, की पुढं डिझेल आणि लाच यांतली रेघ पुसट होत जाते. म्हणून मी म्हणेन, एखाद्या जिल्ह्याच्या पोलिसांचा एकच आकडा मागायचा झाला तर तपास अधिकाऱ्यांची प्रवासभत्त्याची किती बिलं थकीत आहेत तो मागावा.

वर्षअखेरीला न वापरलेली रक्कम परत जाते, त्याचा हिशेब महालेखापालांकडून विधिमंडळासमोर येतो आणि लोकलेखा समिती त्यावर सचिवांची साक्ष घेते. कोषागाराची ही वही पोलिसांच्या हातात नाही, म्हणून भरवशाची. बीम्स या सरकारी प्रणालीवर विभागवार निधी किती आला, किती खर्ची पडला हे घरबसल्या पाहता येतं. फक्त एक ओळ बंद असते, गुप्त सेवेवरच्या खर्चाची. खबऱ्याला दिलेल्या पैशाची पावती मागता येत नाही, हे मान्य.

केबिनमधला फलक

ठाणे प्रभारींच्या केबिनमध्ये कधी गेलात तर खुर्चीच्या मागं बघा. लाकडी फलकावर आजवरच्या अधिकाऱ्यांची नावं आणि समोर दोन तारखा असतात, पासून आणि पर्यंत. ज्या आकड्यासाठी संशोधक वर्षभर अर्ज करत बसतील तो इथं पिवळ्या अक्षरात रंगवलेला असतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २२न नुसार अधिकाऱ्याला एका पदावर साधारण दोन वर्षं मिळायला हवीत. फलकावरच्या शेवटच्या दहा नावांची सरासरी काढा. अकरा महिने, सात महिने, पाच महिने असं दिसलं तर समजायचं, हद्दीतली गावं नीट ओळखीची व्हायच्या आत साहेब बदलतात. कुणाच्या सांगण्यावरून बदलतात, ते फलकावर नसतं.

जिल्हे आणि राज्यं शेजारी ठेवताना

राज्यांची क्रमवारी लावणाऱ्या अभ्यासांत इंडिया जस्टिस रिपोर्टचं नाव जास्त घेतलं जातं. मोठ्या आणि मध्यम राज्यांत त्याच्या पहिल्या, २०१९ च्या अहवालात महाराष्ट्र पहिला होता, २०२० मध्येही पहिला. पुढं कर्नाटक वर गेलं. पण तो अहवाल मुख्यतः क्षमता मोजतो: मंजूर पदं, भरलेली पदं, महिलांचं प्रमाण, निधीचा वापर. पोलीस, न्यायालयं, तुरुंग आणि विधी साहाय्य असे चार भाग मिळून ही क्रमवारी लागते. पहिला नंबर आला म्हणजे आपल्या ठाण्यात मावशींची फिर्याद घेतली जाते, असं त्यातून निघत नाही. क्षमता आणि वर्तन हे दोन वेगळे रकाने आहेत. वर्तनासाठी लोकांनाच विचारणारं सर्वेक्षण लागतं, आणि तेही ठाण्याची पायरी चढलेल्यांचं वेगळं, न चढलेल्यांचं वेगळं.

भागाकार करताना खालचा आकडाही तपासा. २०११ च्या जनगणनेत साताऱ्याची लोकसंख्या ३० लाखांच्या आसपास, सांगलीची २८ लाखांच्या. त्यानंतरची जनगणना अजून हाती नाही, म्हणजे प्रत्येक दर जुन्या माणसांवर काढलेला. शिवाय साताऱ्याच्या पोलिसांना मे महिन्यात महाबळेश्वर-पाचगणीची गर्दी, बारमाही खंबाटकी घाटाचा महामार्ग, आषाढीच्या आधी लोणंद ते फलटण माउलींची पालखी. सांगलीला हंगामात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आणि कुपवाडचं औद्योगिक क्षेत्र. यातलं कोणी लोकसंख्येत धरलेलं नाही. पालखीच्या बंदोबस्तात आठवडाभर उभ्या असलेल्या शिपायाचं काम गुन्ह्यांच्या कुठल्याही तक्त्यात उमटत नाही, आणि त्याच आठवड्यातले त्याच्या टेबलावरचे तपास मात्र प्रलंबित म्हणून मोजले जातात. पोलिसांवर अन्याय करणारं मोजमापही असतं, ते हे.

स्वतः मागवायचं तर

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. त्यामुळं सगळं एकदम विचारायचा मोह टाळायचा. कॅमेऱ्यांबद्दलचा मजकूर साधारण असा होईल:

"जन माहिती अधिकारी, पोलीस अधीक्षक कार्यालय, सांगली. विषय: पोलीस ठाण्यांतील सीसीटीव्ही. कालावधी: १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५. जिल्ह्यातील प्रत्येक पोलीस ठाण्यात बसवलेल्या कॅमेऱ्यांची संख्या. या कालावधीत बंद असलेल्या कॅमेऱ्यांची संख्या व बंद असल्याचे दिवस. दुरुस्तीसाठी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती. चित्रीकरण साठवण्याचा कालावधी. जिल्हास्तरीय देखरेख समितीच्या बैठकांची इतिवृत्ते मिळावीत."

यात कुठल्याही आरोपीचं नाव नाही, चालू तपासाचा कागद नाही. म्हणून तपासात अडथळा येईल हे कलम ८ मधलं कारण इथं चालत नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, तेही ३० दिवसांत.

बहुधा उत्तर येईल ते ठरलेल्या वाक्यात: मागितलेली माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. तिथं थांबायचं नाही. कलम २ मध्ये अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याचा आणि टिपणं घेण्याचाही हक्क दिलेला आहे. दुसरा अर्ज तपासणीसाठी करायचा, तारीख आणि वेळ लेखी मागायची, आणि दुरुस्तीच्या पत्रांची आवक-जावक नोंदवही आधी मागायची. तिच्यात पत्र गेल्याची तारीख असते, आणि ज्याला पत्र गेलं त्याच्याकडेही तीच नोंद दुसऱ्या वहीत असते.